टर्बो गाडी ऑटोक्रॉसला न्यायची आहे? आधी ब्रेक बघा, रिमॅप नंतर

दिवाळी झाली की दरवर्षी मला दोनतीन फोन ठरलेले. कुडाळवरून, रत्नागिरीवरून, एखादा चिपळूणवरून. "दादा, गाडी रिमॅप केली, इनटेक टाकला, पुढच्या महिन्यात ऑटोक्रॉसला एंट्री टाकतोय, अजून काय करू?" (रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवणं, इनटेक म्हणजे इंजिनची हवा ओढायचा पाइप-फिल्टर.) मी विचारतो, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंस? की पलीकडे शांतता.

कामं सगळेच करतात हो, पण उलट्या क्रमाने करतात. आणि आपल्या कोकणातल्या माणसाला क्रम चुकलेला परवडत नाही, कारण इव्हेंट बहुतेक वेळा घाटावर असतो, ट्रेलर कोणाकडे नसतो, आणि ज्या गाडीने दिवसभर कोन, म्हणजे ट्रॅकवरचे प्लॅस्टिकचे शंकू, चुकवत ब्रेक तापवले त्याच गाडीत बसून संध्याकाळी आंबा घाट नाहीतर गगनबावडा उतरून घरी यायचं असतं. त्यामुळे खालचा सगळा क्रम एकाच हिशोबाने लावलाय, गाडी आधी थांबली पाहिजे, मग तग धरली पाहिजे, आणि वेग त्यानंतर.

माझी गाडी जुनी घेतलेली पुंटो अबार्थ आहे, १.४ लिटर टी-जेट, १४५ पीएस, फाइव्ह स्पीड मॅन्युअल. पण पोलो टीएसआय, आय२० एन लाइन, बलेनो आरएस, अल्ट्रोझ रेसर, कुठलीही फ्रंट व्हील ड्राइव्ह (पुढच्या चाकांनी ओढणारी) टर्बो हॅच असली तरी ऐंशी टक्के कामं हीच.

ज्यांनी अजून बघितलंच नाही त्यांच्यासाठी: ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एक गाडी सोडतात (ती एक फेरी म्हणजे रन), कोन लावलेला छोटा ट्रॅक, घड्याळाशी शर्यत, कोन पाडला की दंडाचे सेकंद. आपल्याकडे बहुतेक वेळा मातीचं मैदान, कधी डांबर किंवा काँक्रीट. सगळा खेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. टॉप स्पीड वगैरे विसरा.

१. कागद आधी, पाना नंतर (दोन महिने आधी)

इव्हेंटची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या इव्हेंटपुरते नियम, मागवून घ्या आणि वाचा, खरंच वाचा, व्हॉट्सॲपवर कोणीतरी सांगितलेलं नाही. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परवानगीने होणारा इव्हेंट असेल तर कुठलं लायसन्स लागतं, हेल्मेट कुठल्या मानकाचं चालतं, सीटबेल्ट कंपनीचा चालतो का, हे सगळं त्यात असतं.

टर्बोवाल्यांनी खास बघायची गोष्ट म्हणजे क्लास, गाडी कुठल्या गटात धावणार ते. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्टची संघटना) नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनची सीसी १.७ ने गुणायची पद्धत आहे, आणि तुमच्या इव्हेंटने ती लावली तर माझी १३६८ सीसीची गाडी २३२५ च्या पुढे जाते, म्हणजे थेट मोठ्या गाड्यांबरोबर. ९९८ सीसीची आय२० एन लाइन १६९७ होते. कुठे हा गुणक लावतात, कुठे टर्बोचा वेगळाच क्लास असतो, म्हणून एंट्री भरायच्या आधी आयोजकांना विचारा. रिमॅप, इनटेक, एक्झॉस्ट यातलं काहीही केलं की स्टॉक क्लासमधून बाहेर फेकले जाऊ शकता. पन्नास हजार घालून हरायच्या क्लासमध्ये गेलेली पोरं मी बघितलीत.

सावधान: गाडीच्या साध्या खाजगी पॉलिसीत आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. मैदानावर ठोकली तर पैसे तुमचे. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत परस्पर बदल करू देत नाही, तुम्ही त्याच गाडीने रस्त्यावरून जाणार आहात हे लक्षात ठेवा.

२. पावसाळ्याने काय खाल्लं ते शोधा (सहा आठवडे आधी)

ही पायरी पुण्या-मुंबईच्या लोकांच्या यादीत नसते कारण त्यांना तिची गरज नाही. आपल्याला आहे. चार महिने धो धो पाऊस, बाराही महिने खारी हवा, आणि गाडी अंगणात माडाखाली.

गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, लिफ्टवर घ्या. जॅक लावायच्या जागी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, गंजून पोकळ झालं असेल तर तिथे जॅक लावूच नका. मग एकेक करून बघा:

ब्रेकचे लोखंडी पाइप, विशेषतः क्लिपच्या खाली जिथे ओल साचते. स्प्रिंगची बैठक. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट. ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटलेत का. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या, हिरवट पावडर दिसली की काढून घासून परत लावा, अर्ध्या "सेन्सर गेला" तक्रारी तिथेच मिटतात. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करतो तो) आणि रेडिएटरच्या जाळ्या बोटाने हलकेच चोळून बघा, किनाऱ्यावरच्या गाड्यांच्या पुढच्या जाळ्यांचा खाऱ्या हवेने चुरा होतो. आणि बंपरच्या कव्हरमागे जिथे टोइंगचा हूक बसतो ते आटे, गंजलेले असतात, हूक अर्धा जाऊन अडकतो. स्क्रुटिनीच्या, म्हणजे इव्हेंटआधीच्या गाडी तपासणीच्या, रांगेत उभं राहून ते कळण्यात मजा नाही.

आता उंदीर. हसू नका. पावसात उंदराला इंजिनइतकी सुकी आणि उबदार जागा दुसरी नाही. एका वर्षी माझी गाडी बूस्टच (टर्बो इंजिनात हवा भरतो तो दाब) धरत नव्हती, इंजिन लाइट येऊन जाऊन, आणि मी टर्बो गेला म्हणून दोन महिने जुना टर्बो शोधत फिरलो. शेवटी मेस्त्रीने टॉर्च मारून दाखवलं, वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणारी झडप) व्हॅक्यूम पाइपला दोन दातांचे ठसे. पाइप दीडशे रुपयाला मिळाला. तेव्हापासून पहिली टॉर्च व्हॅक्यूम पाइपवर.

तपासून बघा: पुढे जायच्या आधी ओबीडी स्कॅनर (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) लावून सगळे जुने फॉल्ट कोड लिहून घ्या, मग क्लिअर करा, आणि शंभर किलोमीटर नेहमीसारखी चालवा. जे कोड परत येतील ते खरे.

३. ब्रेक (पाच आठवडे आधी, आणि इथे घाई नको)

माझ्या पहिल्या इव्हेंटला, कोल्हापूरच्या बाजूला, चौथ्या रनमध्ये पेडल सरळ खाली गेलं. गाडी कोनच्या दोन रांगा पाडून मोकळ्या मैदानात जाऊन थांबली म्हणून वाचलो. रिमॅप झालेला होता, एक्झॉस्ट झालेला होता, ब्रेक ऑइल चार वर्षांचं होतं. रात्री आंबा घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो, बाजूला बसलेला मित्र साखरप्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मेल्या, तुजो टर्बो ऱ्हवांदे, आदी ब्रेक बघ." तोच हा क्रम.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ओल शोषली की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट ४ च्या मानकात नवीन ऑइलची किमान मर्यादा २३० अंश आहे आणि ओल धरलेल्याची १५५. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. एकदा उकळलं की पाइपात वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली. आपल्या हवेत दोन वर्षांची वाट बघू नका, दरवर्षी सीझनच्या आधी बदला.

क्रम असा:

आधी चारही चाकं काढून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिन बाहेर काढा. आपल्याकडे किमान एक तरी गंजून जाम झालेली सापडतेच, ओळख म्हणजे आतला पॅड झिजून पत्रा आणि बाहेरचा जवळजवळ नवा. पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं चेसिस ग्रीस नाही, ते रबर फुगवतं.

मग पॅड. निम्म्यापेक्षा कमी उरले असतील तर नवीन. चांगल्या ब्रँडचे रस्त्याचे परफॉर्मन्स पॅड पुरतात. अस्सल रेसिंग पॅड घेऊ नका, ते थंड असताना धरतच नाहीत, आणि ऑटोक्रॉसचा रन एकदीड मिनिटाचा, ते गरम होईपर्यंत तुमचा रन संपलेला.

मग ऑइल. सीलबंद बाटली आणा. गॅरेजच्या फळीवर गेल्या वर्षीपासून अर्धी पडलेली बाटली फुकट मिळाली तरी नको. आणि डॉट ५ लिहिलेलं सिलिकॉनवालं घेऊ नका, डॉट ५ आणि ५.१ या नावासारख्या असल्या तरी पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लीड करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना, मॅन्युअलमधला क्रम पाळा, तो नसेल तर सर्वसाधारण पद्धत म्हणजे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या पंपात हवा शिरली की बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावूनच काढावी लागते आणि ते काम गावात होत नाही.

शेवटी पॅड बसवणं, जे कोणीच करत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, साठच्या वेगावरून पंधरापर्यंत जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरत फिरवून थंड करा. पॅड कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती धरा. मी हे पहाटे सव्वापाचला करतो, एसटी यायच्या आधी.

तपासून बघा: इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. हळूहळू खाली जात असेल तर पुढची कुठलीही पायरी करायची नाही. आधी हे.

४. तेल, पाणी, हवा (चार आठवडे आधी)

इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं आणि अप्रूव्हलचं, फिल्टरसकट नवीन. लेव्हल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेवा पण वर नाही. कमी असेल तर लांब वळणात ऑइल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो, आणि टर्बोची बेअरिंग त्याच ऑइलवर तरंगत असते. जास्त भरलं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारा पाइप) इनटेकमध्ये जातं. "थोडं जास्त टाक, रेस आहे" हे वाक्य गॅरेजमध्ये ऐकलं की थांबवा.

कूलंट म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. आधीच मिसळलेलं आणा किंवा डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळा. पंखा दोन्ही स्पीडवर फिरतो का बघा, कारण मैदानावर गाडी बहुतेक वेळ उभीच असते आणि जी हवा लागते ती पंख्याचीच.

आता टर्बोचं खरं काम, बूस्ट गळती. पाइप, क्लॅम्प, इंटरकूलरचे सांधे यातून हवा गळत असेल तर टर्बो तेवढाच बूस्ट द्यायला जास्त फिरतो, जास्त तापतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर येताना जो लॅग (पाय दिल्यावर ताकद यायचा उशीर) लागतो तो तुम्ही ड्रायव्हिंगच्या खात्यात लिहिता. रिमॅप करून ही गळती झाकली जाते, बरी होत नाही.

घरच्या घरी बघायचं तर: इंजिन बंद आणि थंड. एअर फिल्टरच्या बॉक्सनंतरचा पाइप सोडून त्याच्या तोंडात घट्ट बसेल अशी टोपी लावा, टोपीला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. ब्रीदरचा पाइप सोडून बंद करा, नाहीतर प्रेशर इंजिनच्या पोटात जातं आणि ऑइल सील उचकटतात. कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरा, ०.७ बारच्या आसपास पुरे, स्टॉक बूस्टच्या वर कधीच नाही. साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर मारा. बुडबुडे दिसले तिथे गळती. इनटेक व्हॉल्व्हमधून थोडी हवा आत जातेच, त्यामुळे काटा हळूहळू उतरला तर घाबरू नका, भसकन उतरला तर शोधा.

सावधान: टोपीच्या समोर तोंड नेऊन ऐकू नका. ती सुटली तर गोफणीच्या दगडासारखी येते.

टर्बोच्या इनटेकच्या तोंडातून बोट घालून शाफ्ट हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर सरकता कामा नये, आणि पंखा कडेला घासलेला नको. पाइपात ऑइलचा पातळ थर असतोच, पण ओतता येईल इतकं साचलं असेल तर गाडी घरीच ठेवा.

एअर फिल्टर कंपनीच्या बॉक्समधलाच, कागदी, नवीन. उघडा कोन फिल्टर (बॉक्सशिवायचा, शंकूच्या आकाराचा) आवाज छान करतो आणि बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, शिवाय मैदानावरची ती बारीक लाल धूळ. त्या धुळीने कॉम्प्रेसरची पाती झिजतात. मी स्वतः एक कोन फिल्टर वापरून विकलाय, ज्याला विकला तो अजून खूश आहे, काय बोलणार.

स्पार्क प्लग काढून गॅप मॅन्युअलप्रमाणे आहे का बघा. पेट्रोल ९५ ऑक्टेनचं टाका. आणि पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीतलं जुनं इथेनॉलवालं पेट्रोल घेऊन मैदानावर जाऊ नका, इथेनॉल ओल धरतं, ते आधी रोजच्या फिरण्यात संपवा.

रिमॅपचं काय, असं विचारणारच तुम्ही. तीन इव्हेंट स्टॉक करा. फ्रंट व्हील ड्राइव्ह, साधा डिफरेन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर), दुसरा गिअर, यात जास्तीचा टॉर्क आला की आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी सरळ जाते. त्याच पैशात चार चांगले टायर येतात.

५. टायर, अलाइनमेंट, नट (तीन आठवडे आधी)

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२२ म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच वर्षांच्या पुढचा, उन्हात उभ्या गाडीचा, नक्षी कितीही दिसत असली तरी दगड झालेला असतो. नखाने दाबून बघा. मातीसाठी जरा मोकळी नक्षी आणि दणकट साइडवॉल, डांबरासाठी मऊ रबर. नवीन टायर घेतले तर दोनशेएक किलोमीटर रस्त्यावर चालवून मगच न्या.

अलाइनमेंटमध्ये पुढचा टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर) शून्य किंवा दोन्ही मिळून एक-दोन मिलिमीटर बाहेर, गाडी वळणात पटकन तोंड फिरवते. कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत की बाहेर कललाय) जेवढा निगेटिव्ह, म्हणजे आत कललेला, स्टॉक बोल्टमध्ये मिळेल तेवढा, दोन्ही बाजूला सारखा. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) असेल तर काही हलत नाही, अलाइनमेंटवाला मागचं केलं म्हणून पैसे मागेल, देऊ नका. इव्हेंटनंतर टो परत कंपनीच्या आकड्यावर आणा, नाहीतर हायवेवर टायरची आतली कड खाल्ली जाते.

मातीवर जाणार तर संप गार्ड, इंजिनच्या पोटाखालचा पत्रा. मैदानात जांभ्याचा एखादा चिरा अर्धा पुरलेला असतोच.

चाकाचे नट न्यूमॅटिक गनने आवळून देतात, ते घरी येऊन सोडायचे आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळायचे. पोलोला १२० न्यूटन मीटर, इतर गाड्यांचा आकडा वेगळा, मॅन्युअलमध्ये बघून बॉनेटच्या आत स्टिकरवर लिहून ठेवा. नट आणि आटे कोरडे आणि साफ हवेत, गंजू नये म्हणून ग्रीस लावायची आपली सवय इथे घातक, ग्रीस लावलं की त्याच आकड्याला नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

६. सराव कुठे करायचा, आणि कुठे नाही

सड्यावर नाही. मला माहितीये, मोकळा सपाट कातळ दिसला की हात शिवशिवतात. पण रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली, आणि सगळी शोधून कुंपण घातलेली नाहीत. पायाखाली काय आहे ते गाडीतून दिसत नाही. शिवाय जमीन कोणाची तरी असते आणि गुरं चरत असतात.

समुद्रकिनाऱ्यावर तर अजिबात नाही. मनाई असते, गाडी रुतते, भरती थांबत नाही, आणि खारं पाणी ब्रेकमध्ये गेलं की तिसरी पायरी सगळी परत.

ओळखीच्या माणसाची मोकळी जागा परवानगी घेऊन, किंवा एखाद्या बंद चिरेखाणीचं सपाट आवार मालकाला विचारून. आठ कोन पुरतात. कोनऐवजी दगड किंवा नारळ ठेवू नका, नारळाने माझा बंपर गेलाय. वेग नको, फक्त वळणातून बाहेर येताना पाय कधी द्यायचा हे शिका. टर्बोला बूस्ट यायला वेळ लागतो म्हणून नॅचरल इंजिनपेक्षा जरा आधी, पण हळू, पाय द्यावा लागतो. एकदम दाबलात तर आधी काहीच नाही आणि मग सगळं एकदम, चाक फिरलं.

ड्युअल क्लच ऑटोमॅटिकवाल्यांनी, विशेषतः पोलो जीटीच्या सात स्पीड ड्राय क्लच डीएसजीवाल्यांनी, ब्रेक धरून रेझ करत सुटायचा सराव करू नका. रांगेत इंचाइंचाने सरकवणंही नको, न्यूट्रल करा, जागा झाली की एकदम पुढे.

७. आदल्या दिवशी

गाडी रिकामी करा. ड्रायव्हरचं मॅट, पाण्याच्या बाटल्या, छत्री, डिकीतले घाटावर कोणाला तरी द्यायचे म्हणून घेतलेले नारळ आणि कोकमची बाटली, सगळं मैदानावर उतरवावं लागणार. डॅशबोर्डवरचा गणपती डबल टेपवर असतो आणि टेप उन्हात सुटतो, तो आदराने काढून पिशवीत ठेवा. बॅटरी हाताने धरून हलवा, हलली तर क्लॅम्प आवळा. हेल्मेट घालून सीटवर बसून बघा, डोकं छताला लागत असेल तर सीट खाली. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे.

बरोबर घ्यायचं सामान: टॉर्क रेंच, प्रेशर गेज, पायाचा पंप, पांढरा खडू, नंबरासाठी टेप, एक लिटर इंजिन ऑइल, सीलबंद ब्रेक ऑइल, चाकाखाली लावायला दोन लाकडी ठोकळे, आणि पाणी मारायचा छोटा हातपंप. आंब्याच्या फवारणीचा नको, धुतला तरी वास जात नाही आणि औषध तोंडावर उडतं. नवीन घ्या, स्वस्त असतो.

घाट चढताना बूस्टवर ओढत नेऊ नका. वर पोचून लगेच इंजिन बंद करू नका, एकदोन मिनिटं आयडल, मग चहा.

८. मैदानावर

प्रेशर तिथेच, सकाळी, चाकं थंड असताना. किनाऱ्यावर दुपारी बत्तीस अंशात भरलेली हवा घाटावर सकाळी पंधरा अंशात तीनेक पीएसआय कमी दाखवते, दर पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय. डांबरावर मी चारही ३६ ने सुरू करतो, मातीवर ३०. साध्या टायरवर २६ च्या खाली जाऊ नका, वळणात टायर रिममधून निसटतो.

टायरच्या खांद्यावर, नक्षीपासून बाजूपर्यंत, तीन जागी खडूची रेघ मारा. रननंतर रेघ बाजूच्या भिंतीवरूनही पुसली गेली असेल तर प्रेशर कमी आहे, दोन पीएसआय वाढवा. खांद्याच्या वरच थांबली असेल तर कमी करा. गाडी वळतच नसेल, नाकच बाहेर जात असेल, तर पुढे छेडायच्या आधी मागच्या टायरला दोन-दोनने वाढवून बघा, मागचं जरा मोकळं होतं. एका वेळी एकच बदल. आणि वहीत लिहा.

ट्रॅक तीनदा चालून बघा, पोरांशी गप्पा न मारता.

पहिला रन सत्तर टक्क्यांनी. तो फक्त ट्रॅक पाठ करायला आणि गाडी ऐकायला. नंतर चाकं थंड झाली की टॉर्क रेंच परत फिरवा, बहुतेक वेळा एखादा नट पाव फेरा घेतोच.

आता रनच्या मधलं, जिथे टर्बोवाले सगळ्यात जास्त चुकतात. फिनिश झाल्यावर गाडी हळू चालवत पार्किंगला आणा, मिनिटभर आयडल, मग बंद, बॉनेट उघडं. हँडब्रेक ओढू नका, तापलेली डिस्क आणि पॅड एका जागी चिकटून राहतात, ठोकळा लावा आणि गिअरमध्ये ठेवा. इंटरकूलरवर पुढून पाण्याचा बारीक फवारा चालतो. टर्बोवर, एक्झॉस्टवर, ब्रेक डिस्कवर एक थेंब नको.

ओबीडीवर इनटेक हवेचं तापमान बघा. माझा नियम, बाहेरच्या हवेपेक्षा पंचवीस अंशांच्या वर असेल तर नंबर मागे ढकलून घ्यायचा, कारण इंजिन स्वतःच ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन ताकद कमी करतं आणि तुम्हाला वाटतं आपण चुकलो. मार्च-एप्रिलच्या दुपारी हे हमखास होतं, तेव्हा पहिले दोन रन हेच तुमचे चांगले रन, बाकीचे मनोरंजन.

तपासून बघा: प्रत्येक रनला निघण्याआधी गाडी उभी असताना ब्रेक पेडल दाबा. स्पंजसारखं लागलं तर त्या दिवसापुरतं संपलं, एंट्री फीचा विचार करत बसू नका.

९. उतरताना आणि दुसऱ्या दिवशी

बक्षीस असो नसो, निघण्याआधी अर्धा तास द्या. नट, ऑइल लेव्हल, कूलंट थंड झाल्यावर, टायरच्या बाजूला चीर आहे का, आणि पॅड किती उरले ते चाकाच्या फटीतून टॉर्च मारून. प्रेशर परत रस्त्याच्या आकड्यावर. पेडलबद्दल जराही शंका असेल तर रात्रीचा घाट उतरू नका, मलकापूरला झोपा, सकाळी मेस्त्री शोधा. घाटात ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही.

घरी आल्यावर गरम गाडीवर पाइप सोडू नका. दुसऱ्या दिवशी खालून धुवा, संप गार्डमध्ये साठलेली माती काढा, ती ओल धरून ठेवते. एअर फिल्टर उघडा, लाल झाला असेल तर झटकून परत लावू नका, नवीन टाका. स्कॅनर लावून नवीन कोड आलेत का बघा. ड्राइव्ह शाफ्टचे बूट, संपचे बोल्ट, टो परत. ब्रेक ऑइलचा रंग काळपट दिसला किंवा पेडल लांब झालं असेल तर पुढच्या इव्हेंटची वाट न बघता परत ब्लीड करा.

आणि वही. हवा किती गरम, प्रेशर किती, कुठला रन चांगला गेला, काय सैल सापडलं. माझी वही ऑइलने इतकी माखलीये की बायको ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवू देत नाही, गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्येच असते. स्क्रुटिनीच्या आधी तीही काढायला विसरू नका.